लाकडाच्या तोंडावर

लाकडाची वाटी मारहाणीतून तयार होते. हे आधीच सांगून टाकते, कारण प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी जी बाई थांबायची ती वाटी उचलून गालाला लावायची आणि विचारायची, हे काम करताना मन किती शांत होत असेल ना? मामा माझ्या शेजारी बसलेला असायचा. खरादावरून उडालेली ढलपी त्याच्या हनुवटीत घुसली होती त्याला चार दिवसही झाले नव्हते, टाके काळे दिसत होते. तो मान हलवून म्हणायचा, हाव, लय शांत. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय द्यायचे.

शांत काही नसतं त्यात. आधी बांधावरची बाभूळ पाडायची. बाभूळ गपगुमान पडत नाही. हाड मोडावं तशी कडकडते, अर्धवट चिरते, कापणाऱ्याच्याच अंगावर फिरते आणि काट्यांनी कुणाला तरी फाडूनच खाली येते. मग करवतीनं तुकडे, तुकड्यांवर कुऱ्हाड, कुऱ्हाडीनंतर वाकस, म्हणजे वाढयाचं तासायचं हत्यार, आणि मग तो ओबडधोबड गोळा खरादावर चढवायचा. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवणारं यंत्र. मामाचा खराद त्यानं स्वतःच जुळवला होता. बंद पडलेल्या चक्कीची मोटर, भंगारातला लोखंडी दांडा, रबराचा पट्टा, आणि हे सगळं जिच्यावर बसवलं ती सागवानाची जाड बैठक. ही बैठक म्हणजे माझ्या आजोबांचा पाट. तिच्यावर लाकूड ठेवून त्यांनी जन्मभर तासलं. लाकूड फिरायला लागलं की मामा गोल पटाशी त्याच्या अंगात खुपसायचा. गाठ आली की पटाशी अडकायची आणि गोळा सुटायचा. एकदा सुटलेला गोळा टिनाचं छप्पर फोडून शेजारच्या कोठ्यात पडला आणि गोऱ्ह्याचं शिंग मोडून गेला. मामाच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर या खरादानंच खाल्लं. त्यानं ते पेर ढलप्यांमध्ये शोधलंसुद्धा. सापडलं नाही.

तर ज्यांना हे शांत वाटतं त्यांनी एक दिवस येऊन उभं राहावं.

मी दहावीपासून मामाकडेच वाढले. मामा वाढई, म्हणजे सुतार. आर्णीच्या अलीकडे डांबरी सोडून आत गेलं की त्याचं गाव. पूर्वी तो बैलांच्या बंड्या, वखरं, तिफणी, घरांचे दरवाजे करायचा. मग बंडीच्या जागी ट्रॅक्टर आला, दरवाजे प्लायवूडचे आले, आणि गावातला वाढई असून नसल्यासारखा झाला. तेव्हा त्यानं वाट्या आणि डब्या धरल्या. बाभळीच्या लाल गाभ्याच्या वाट्या. मोडीत निघालेल्या बंड्यांच्या तिवसाच्या छोट्या डब्या. तिवस हे जंगलातलं चिवट लाकूड, बंडीचा भार तेच झेलायचं. ज्यानं पन्नास वर्षं गावाचा कापूस वाहिला त्याच लाकडाची मामा कुंकवाची डबी करायचा. डबीचं झाकण इतकं नेमकं बसायचं की उघडताना आतली हवा फक् करून बाहेर यायची. मामी म्हणायची, तुह्या मामाचं लाकूड तरी बोलते, तो सोता बोलतच नाही.

खरं आहे ते. मामा बोलायचा नाही, आणि मी बोलायचं थांबायचे नाही. कॉलेजात असताना मी यवतमाळच्या एका संघटनेत शिरले आणि पत्रकं लिहायला शिकले. पत्रकाचा एक नियम असतो. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत दोषी, तिसऱ्या ओळीत मागणी. चौथी ओळ लोक वाचत नाहीत. मी पुढेपुढे सगळं जगणंच तसं लावत गेले. घरात मीठ संपलं तरी मामी म्हणायची, लिही आता, दुसऱ्या ओळीत माहं नाव टाक.

एका प्रदर्शनात शहरातल्या एका दुकानानं आमच्या वाट्या एकगठ्ठा नेल्या. दोन महिन्यांनी मैत्रिणीनं मोबाईलवर फोटो दाखवला. त्याच वाट्या, बुडाला दुकानाचा सोनेरी कागद चिकटवलेला, आणि खाली लिहिलेलं की या आमच्या कारागिरांनी घडवल्या. आमच्या! त्या दुकानात कुणाच्या हनुवटीला टाके पडले होते? कुणाची करंगळी अर्धी होती? मी तो फोटो मामाच्या नाकासमोर धरला. तो म्हणाला, वाटी बरी दिसून राह्यली. बस. एवढंच.

मला पहिली ओळ मिळाली, दुसरी मिळाली. तिसरी मीच ठरवली. मामाच्या कामावर मामाचा शिक्का पाहिजे. कागदाचा नाही, निघून जाणारा नाही. लाकडात ठोकलेला.

आर्णीत एक वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडून मी पोलादाचा ठसा करून घेतला. अंगठ्याएवढा गोल, आत वाकसाचं चित्र. लाकडावर धरायचा आणि वरून हातोडा घालायचा. घरी आणून मामाच्या हातात दिला तेव्हा त्यानं तो उलटापालटा करून पाहिला, बोटानं कड चाचपली, काम चांगलं आहे म्हणाला. मग विचारलं की हे मारणार कुठं. मी म्हटलं, वाट्यांच्या बुडावर, आणि बाहेर जे ओंडके सुकायला रचलेत त्यांच्या तोंडांवर.

ओंडका आडवा कापला की जी गोल बाजू उघडी पडते तिला आमच्याकडे लाकडाचं तोंड म्हणतात. लाकूड आधी तिथूनच तडकतं. म्हणून मामा कापल्या कापल्या प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाला शेण लिंपायचा. खूण करायची तर गेरूनं, आणि तीही पाठीवर, सालीच्या बाजूला. तोंडावर पेन्सिलसुद्धा नाही.

"तोंडावर मारत नसते, पोरी," तो म्हणाला.

"काहून?"

"आमच्यात नाही मारत."

झालं. आमच्यात नाही मारत! हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अशा वाक्यांशी भांडण्यातच माझी तीन वर्षं गेली होती. मी त्याला तिथंच खरादाशेजारी उभं करून भाषण दिलं. अंधश्रद्धा, गुलामी, कारागिरानं स्वतःला कमी समजणं, सगळं आलं त्यात. लाकडाला तोंड नसतं, त्याला लागत नाही, ते शाप देत नाही, असंही म्हटलं. मामा ढलप्या झाडत राहिला. मामी आतून म्हणाली, "हिच्याच तोंडावर नाही मारलं ना कोणी लहानपणी, तिथं चुकलं."

तो तुरीच्या वावरात गेला त्या दिवशी मी सगळं उरकलं. आधी वाट्या उपड्या घातल्या. एकेकीच्या बुडावर ठसा धरून हातोडा. बासष्ट वाट्या, बासष्ट घाव. खोटं कशाला बोलू, मजा आली. हाताला झिणझिण्या येईपर्यंत ठोकत राहिले. मग अंगणातल्या रचलेल्या ओंडक्यांच्या तोंडांवरचं वाळलेलं शेण खरवडलं आणि तिथंही ठोकले. गोल गोल लाल तोंडं, प्रत्येकावर एक वाकस. फोटो काढला. त्या फोटोवर पत्रक केलं. मथळा मोठा घातला, "ज्याचा हात, त्याचा शिक्का". खाली गावाचं नाव घातलं. यवतमाळला बसस्टँडवर, कॉलेजच्या फाटकावर, सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर, जिथं माणूस दिसला तिथं वाटलं.

मामा वावरातून आला, त्यानं ओंडके पाहिले. ओरडला नाही. कोठ्यात गेला, घमेल्यात ओलं शेण आणलं आणि एकेक तोंड पुन्हा लिंपायला लागला. मी आडवी गेले, म्हटलं लोक बघायला येतील, झाकू नकोस. तो खालच्या दोन थरांवर थांबला. वरचे दोन थर तसेच उघडे राहिले.

लोक आलेच. आठवड्यानं, सकाळी, मामी चुलीवर भाकर टाकत होती तेव्हा. एक जीप, मागे ट्रॅक्टर-ट्रॉली. जंगलखात्याचा गार्ड आणि त्याच्यासोबत चार माणसं. गार्डाच्या खिशात माझं पत्रक चौघडी करून ठेवलेलं होतं. त्यानं ते खरादावर पसरलं आणि विचारलं, हे तुमचंच ना? मला वाटलं, वाचून आला. खरंच तसं वाटलं. मी पुढं होऊन म्हटलं, हाव, माझंच.

त्यानं उघड्या ओंडक्यांकडे बोट केलं. "अन् हा हातोडा कोणाचा?"

"आमचाच. घरचा."

मामा मागून काहीतरी बोलला, चूप असं काहीतरी. पण वाक्य सुटलं होतं. मी तर पुढं जाऊन खुंटीवरचा हातोडासुद्धा काढून दाखवला. हा पहा, म्हटलं. आजोबांचा आहे.

गार्ड हसला आणि सोबतच्यांकडे वळून म्हणाला, "ऐकलं ना गा सगळ्याइनं? हातोडा घरचा आहे म्हणते."

मला काय माहीत? माझ्यासाठी हातोडा म्हणजे ठोकायचा हातोडा. जंगलवाल्यांच्या भाषेत हातोडा म्हणजे सरकारचा ठसा. तोडलेलं प्रत्येक लाकूड डेपोत येतं तेव्हा त्याच्या तोंडावर हा हातोडा पडतो, आणि तो पडला की ते लाकूड खरं. लाकडाच्या तोंडावर खासगी माणसानं आपला शिक्का मारणं म्हणजे सरकारी शिक्क्याची नक्कल, चोरीचं लाकूड खपवायची तयारी. बांधावरची बाभूळ, जिला कुणी विचारत नव्हतं, तिला मी एका सकाळीत चोरीचा माल करून ठेवलं होतं. वर फोटो छापून वाटले होते.

पुढचं फार भरभर झालं. ओंडक्यांची रास लाथेनं पाडली. ओंडके गडगडत मामीच्या चुलीपर्यंत गेले, तवा उलटला. तिवसाच्या डब्यांचं पोतं उपडं केलं, त्या बुटांखाली फुटल्या. तिवस फुटताना गोळी सुटल्यासारखा आवाज करतो. गार्ड विचारत होता, तिवस कुठून आणला, पावती दाखव. मामा सांगत होता, बंडीचा आहे साहेब, जुन्या बंडीचा. गार्ड म्हणाला, मग बंडीची पावती दाखव. बंडीला कसली पावती असते? मामानं तेच विचारलं, अगदी हळू, आणि गार्डानं त्याच्या कानशिलात मारली. साठीतल्या माणसाला, त्याच्या दारात, त्याच्या बायकोसमोर. हनुवटीची भरत आलेली जखम पुन्हा फाटली. रक्त सदऱ्यावर आलं. मामानं हात वर केला नाही, गालावर ठेवला नाही, काही नाही. एखाद्याला हे आधीपासून ठाऊक असावं तसा उभा राहिला.

माझ्या हाताशी वाटी होती. चांगली जाड, बाभळीची, खाली माझा शिक्का असलेली. मी ती पूर्ण ताकदीनं फेकली. गार्डाच्या भुवईवर बसली. भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला, तो खाली बसला. लिहिताना मला लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही. तेव्हाही वाटली नाही.

पण त्याची किंमत खरादानं दिली. एकानं माझे केस धरले आणि मला भिंतीवर आपटलं. दोघांनी सब्बल घालून खराद उपटला. पट्टा विळ्यानं कापला. मामी बैठकीला दोन्ही हातांनी धरून बसली होती, तिला तशीच ओढत अंगणात आणलं, मग झटकली. ती ढलप्यांत तोंडावर पडली. चौथा माणूस ओंडके ट्रॉलीत फेकत होता. खराद दोरीनं न बांधता तसाच वर टाकला, दांडा खाली करून. लोखंड वाकल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. अख्खं गाव बांधावर उभं होतं. कुणी पुढं आलं नाही. ते पत्रक मी त्यांच्याही हातात दिलं होतं.

बाकीच्या वाट्या मात्र नेल्या नाहीत. गार्ड एक हात डोळ्यावर धरून म्हणाला, "या राहू द्या इथंच. याइचा हिशोब येगळा करू."

खराद गेला तर मामा काय राहतो? हे मला त्या दिवशी दुपारी कळलं. तो खरादाच्या रिकाम्या जागेसमोर बसला आणि त्याचा उजवा पाय मोटरचं बटण दाबतात तसा मधूनच जमिनीवर दाबत राहिला. मामीनं हळद लावायला हनुवटीला हात लावला तरी पाय थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जंगलखात्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी आत बोलवेपर्यंत बाहेर बाकावर बसवलं. समोर डेपोतली सागवानाची रास होती, प्रत्येक लाकडाच्या तोंडावर गोल शिक्का आणि आकडा. मी मनात भाषण जुळवत होते. मामा त्या शिक्क्यांकडे पाहत होता. मग तो आपणहून बोलायला लागला, जो माणूस वाटीबद्दल सुद्धा चार शब्द बोलत नाही.

तो सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. आजोबांनी बांधावरची झाडं तोडून ओंडके नाल्याकाठी ठेवले होते. शेजारच्या गावच्या वाढयाचे ओंडके पण तिथंच होते. मिसळू नयेत म्हणून आजोबांनी आपल्या ओंडक्यांच्या तोंडावर पटाशीनं एक फुली कोरली. जंगलवाले आले, त्यांनी फुली पाहिली. आजोबांना त्याच ओंडक्यांवर बसवलं आणि विचारलं, सरकारच्या जागी तू मारतोस? मग ज्या लोखंडी हातोड्यानं लाकडावर शिक्का मारतात तोच उलटा करून त्यांच्या तोंडावर मारला. समोरचे दात ओठातून बाहेर आले. मामा नाल्याच्या पाण्यात उभा होता, त्यानं पाहिलं. घरी आल्यावर आजोबांनी रक्त धुतलं आणि एकच गोष्ट सांगितली, लाकडाच्या तोंडावर मारायचं नाही, आपल्यात मारत नाहीत. का, ते कधीच सांगितलं नाही. पुढं ती रीत झाली.

मी ज्याला अंधश्रद्धा म्हणून भाषण दिलं ती ही होती.

"मले काहून नाही सांगितलं, मामा?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आपल्या बापानं मार खाल्ला, हे कोणी सांगत असते का?"

साहेब वाईट माणूस नव्हता, आणि मला त्याचीच जास्त चीड आली. वाईट असता तर माझं भाषण उपयोगी पडलं असतं. त्यानं चहा मागवला. म्हणाला, ओंडके बाभळीचे आहेत हे मलाही दिसतं, तिवस जुना आहे हेही दिसतं, त्यात खिळ्यांची भोकं आहेत. पण शिक्का हा शिक्का आहे, आणि माझ्या माणसाच्या भुवईला सहा टाके आहेत. मग वहीत डोकं घालून विचारलं, शिक्का मारला कुणी?

मामा म्हणाला, मी. मी म्हटलं, मी. त्यानं डोकं वर न करता विचारलं, "दोघं मिळून एकच हातोडा धरता का?"

शेवटी ठरलं ते असं. शिक्के असलेला सगळा माल पंचांसमोर नष्ट करायचा. ओंडक्यांची तोंडं ते तिकडं करवतीनं कापून टाकतील. वाट्यांचं काय करायचं ते गार्ड सांगेल. गार्ड समाधानी झाला तर तो तक्रार देणार नाही, केस होणार नाही, खराद परत मिळेल. नाही झाला तर खराद सरकारजमा आणि मी आत. मी म्हटलं, वाट्यांचे शिक्के पटाशीनं काढून देते. मामानंच मान हलवली. बुड पातळ होतं, शिक्का खोल होता, मी दातओठ खाऊन ठोकले होते. काढायला गेलं तर वाटीला भोक पडलं असतं.

गार्ड दोन दिवसांनी आला, भुवईवर पट्टी, सोबत सरपंच आणि पोलीस पाटील पंच म्हणून. मामीनं अंगणात बाज टाकली. मामी अशी की शत्रूलाही पाणी दिल्याशिवाय राहत नाही, पण देताना विचारलं, "पाणी कशात देऊ, भाऊ? गिलासात का वाटीत?" पोलीस पाटलानं दुसरीकडे पाहिलं. गार्डानं पाणी घेतलं नाही. त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"जिनं मारला तिनंच फोडाव्या. कुऱ्हाडीनं. एकन् एक."

बासष्टातली एक त्याच्या भुवईवर बसली, ती पुराव्यात गेली होती. एकसष्ट उरल्या होत्या. मी कुऱ्हाड उचलली. पहिली वाटी दगडावर ठेवली आणि डोळे मिटून घातली. घाव तिरपा बसला, वाटी उडाली, पंचांच्या पायाशी जाऊन पडली. तिला नुसता ओरखडा आला होता. गार्ड म्हणाला, पुन्हा. दुसऱ्यांदा कुऱ्हाड दगडावर आदळली, ठिणगी उडाली, दांडा हातातून निसटून नडगीवर बसला. पायातून रक्त वाहायला लागलं. बाभूळ अशी मरत नाही. तिसऱ्यांदा मी किंचाळत मारली, वाटीचा कानाएवढा टवका उडून माझ्याच गालाला लागला. बांधावरचं कुणीतरी हसलं.

मामा दाराच्या चौकटीत बसला होता, सुजलेला गाल घेऊन. तो उठला. मला वाटलं कुऱ्हाड माझ्या हातातून घेणार. त्यानं घेतली नाही. तो दगडापाशी उकिडवा बसला, वाटी उचलली, उपडी केली, बुडावरच्या रेषा बोटानं पाहिल्या आणि वाटी अशी फिरवली की रेषा माझ्याकडे याव्या.

"आडवी नोको मारू," तो म्हणाला. "तिची रेघ पाह्य. रेघेवर मारशीन तं एका घावात जाईन. तिले बी तरास नाही, तुले बी नाही."

मी मारली. वाटी दोन सारख्या फाका होऊन पडली, आतून लालभडक, ओली नसून ओली वाटावी अशी. शिक्का मधोमध चिरला. मामानं दोन्ही फाका बाजूला केल्या आणि दुसरी ठेवली.

मला खरादावर बसू द्यायला तो कधीच तयार नव्हता. चार वर्षं मागं लागले तरी नाही. लाकडाची रेघ कशी वाचायची हे त्यानं मला त्या दिवशी शिकवलं, फोडण्यासाठी. त्यानं वाटी ठेवायची, बोटं कुऱ्हाडीच्या पात्यापासून चार बोटांवर, आणि मी मारायची. हात काढायची घाई तो करत नव्हता. माझा घाव एकदा जरी चुकला असता तर दुसरी करंगळीही गेली असती. मी चुकले नाही. काही वाट्या त्यानं ठेवताना क्षणभर हातात धरल्या, अंगठा आत फिरवला. एकीला तो म्हणाला, ही बरी झालती. मग ठेवली. मी मारली.

चाळीसच्या पुढं सरपंच म्हणाले, पुरे आता, पोरीचा पाय पहा. गार्ड म्हणाला, मोजून राह्यलो मी. शेवटच्या वाटीपर्यंत तो बाजेवरून उठला नाही. शेवटची गाठीची होती, रेघ चहूकडे गेलेली. मामानं ती बराच वेळ फिरवली, मग म्हणाला, हिले रेघ नाही, हिले माराच लागते. चार घाव घालावे लागले. मामानं चारही वेळा ती हातानं धरून ठेवली.

गार्डानं कागदावर सही घेतली. जाताना माझ्या पायाकडे पाहून म्हणाला की टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन ये. हा माणूस! मी त्याच्यावर थुंकले नाही याचं कारण फक्त खराद.

मामीनं त्या एकशे बावीस फाका चुलीत घातल्या. बाभूळ जळते चांगली, आच मोठी होते. पंधरा दिवस आमच्या भाकरी वाट्यांवर भाजल्या.

खराद आला तो ट्रॅक्टरवर, तसाच उपडा. दांडा वाकलेला. मोटरचं झाकण गेलेलं. मामानं आधी हात लावला मोटरला, मग दांड्याला, मग बैठकीभोवती फिरून तो पलीकडे गेला आणि तिथंच बसला. बराच वेळ उठेना म्हणून मी गेले.

सागवानाच्या बैठकीच्या तोंडावर, आजोबांच्या पाटाच्या तोंडावर, सरकारी हातोडा मारलेला होता. जप्तीचा. गोल, आत आकडा, अर्धं बोट खोल. जप्त केलेल्या लाकडावर मारतात तसा, कुणीतरी सवयीनं मारला असणार, यंत्र आणि लाकूड यातला फरक बघायची गरज त्याला वाटली नसणार. सागवान त्या घावाखाली काठाकडे थोडं चिरलं होतं.

मी घरात गेले, रंधा घेऊन आले. दोन बोटं तासून काढते म्हटलं, नाव राहणार नाही. आणि पहिली ओळ तोंडात आलीच होती, वाकस आणि हातोडा, आजोबांचे दात, सगळं जुळत होतं, पत्रक उभं राहिलं असतं.

"ठेव तो," मामा म्हणाला. "सरकारचा खोडला तं तो बी गुन्हाच."

मग तो कोठ्यात गेला आणि घमेल्यात ओलं शेण घेऊन आला. उकिडवा बसून त्यानं बैठकीचं तोंड लिंपायला घेतलं, शिक्का, आकडा, चीर सगळं, जसं कापलेल्या कुठल्याही ओंडक्याला लिंपतो तसं, तळव्यानं दाबून, कडेला बोटानं सारखं करून. मी उभी होते. मी विचारलं, कायले झाकून राह्यला?

"झाकून नाही राह्यलो. तोंड उघडं राह्यलं तं लाकूड फाटते."

दांडा त्यानं दगडावर धरून ठोकून ठोकून सरळ केला, आठ दिवस लागले. अजून एका बाजूला किंचित मारतो, म्हणून आताच्या वाट्यांच्या कडेला एक बारीक लाट असते. प्रदर्शनात बायका ती लाट बोटानं पाहतात आणि म्हणतात, किती नैसर्गिक. वाट्यांच्या बुडावर काहीच नसतं. पोलादी ठसा मी आर्णीच्या वेल्डिंगवाल्याला परत दिला. त्यानं तो वितळवला की ठेवला, मला माहीत नाही.

ते पत्रक मी लिहिलं नाही. तीनदा बसले. पहिली ओळ येते. दुसऱ्या ओळीत दोषी लिहायचा असतो, तिथं गार्ड लिहिते, आणि त्याच्याशेजारी आणखी एक नाव लिहावं लागतं.

शेण वाळलं की दोन-तीन महिन्यांत गळून पडतं. शिक्का पुन्हा दिसतो. आता लिंपायचं काम माझ्याकडे आहे.